पाहुण्यांनी विनोद केलाय, हसा

एतेरी दुभाषी झाली ती पोटासाठी, हौसेनं नव्हे. आमच्या जॉर्जियातल्या कुताइसीच्या शाळेत ती पोरांना इंग्रजी शिकवायची. नवरा गेला, तशी ती तिबिलिसीला बहिणीकडे आली. तिथल्या पदार्थविज्ञान संस्थेला त्याच सुमारास इंग्रजी बोलणारं माणूस हवं होतं, म्हणून तिला ठेवून घेतलं. पदार्थविज्ञानाचा आणि तिचा संबंध शाळेतच तुटला होता, तोही वाईट रीतीनं. पण संस्थेची अडचण वेगळीच होती. आमचे शास्त्रज्ञ छापलेलं इंग्रजी घडाघडा वाचत. बोललेलं इंग्रजी, त्यातून ते तोंडातल्या तोंडात बोललेलं असलं, की सगळे एकमेकांची तोंडं बघत.

बाई हुशार. वर्षभरात तिनं अवघड शब्द तोंडपाठ केले. मेसॉन म्हणजे काय हे तिला अखेरपर्यंत कळलं नाही, पण त्याला आमच्या भाषेतही मेसॉनच म्हणतात एवढं कळलं होतं आणि तेवढ्यावर तिचं भागत होतं.

भागत नव्हतं ते विनोदांच्या बाबतीत. पदार्थविज्ञानवाल्यांची जमात विनोद केल्याशिवाय दोन वाक्यं धड बोलत नाही, आणि विनोदही असा की तो कळायला आधी परीक्षा पास व्हावी लागते. इंग्लंडहून एक प्रोफेसर पेंगेली म्हणून यायचे. उंच, वाकलेले, लाजाळू गृहस्थ. पहिल्याच भेटीत, जेवणाच्या टेबलावर, त्यांनी एक विनोद सांगितला. प्रयोग करणाऱ्या एका शास्त्रज्ञाचं घड्याळ हरवतं. तो बिचारा खोलीभर रांगत शोधत असतो. तेवढ्यात गणितं मांडणारा त्याचा मित्र येतो, कागद काढतो, तासभर आकडेमोड करतो आणि म्हणतो, ‘ऊठ, शोधायची गरज नाही. घड्याळ आहे, हे मी सिद्ध केलंय.’

एतेरीनं शब्दाला शब्द लावून तो आमच्या भाषेत सांगितला. टेबलावर चिडीचूप. त्या दिवशी शास्त्रज्ञांपेक्षा नगरपालिकेची आणि वाइनच्या कारखान्याची माणसंच जास्त होती. कारखान्याच्या संचालकांनी घास गिळून काळजीनं विचारलं, ‘कुठलं होतं घड्याळ? आपल्याकडचं असेल तर दुरुस्त करून मिळेल.’

‘अहो, पण दुरुस्त करायला आधी सापडायला नको का?’ दुसरा म्हणाला. मग सापडलं की नाही यावर थोडी चर्चा झाली. पेंगेलींचं हसू ओठांवर तसंच अडकून राहिलं, आणि ते बघवत नव्हतं.

संस्थेचे प्रमुख बातोनो गिवी तिच्या कानाशी वाकले. बातोनो म्हणजे आमच्याकडचं ‘साहेब’. ‘एतेरी, गेनात्स्वाले, माझ्या बाई,’ ते गोड आवाजात म्हणाले, आणि त्यांचा आवाज गोड झाला की समोरच्यानं ओळखावं की आपलं काही खरं नाही, ‘पाहुणा हसतोय आणि आपण मयताला आल्यासारखे बसलोय. कसला अनुवाद म्हणायचा हा?’

पुढच्या खेपेला व्याख्यानात पेंगेलींनी दोन इलेक्ट्रॉनांचा काहीतरी विनोद सुरू केला. एतेरीला त्याचा ना शेंडा कळेना ना बुडखा. आणि तिच्या तोंडून आपोआप तिच्या सासूचा एक विनोद बाहेर पडला. आमच्याकडे रचा भागातल्या लोकांच्या संथपणावर हसायची रीत आहे. तसाच हा. रचाचा एक माणूस शेजाऱ्याकडे येतो, बसतो, तब्येत विचारतो, पोरांची चौकशी करतो, पेलाभर वाइन पितो, पाऊसपाण्याचं बोलतो, आणि उठता उठता म्हणतो, ‘बरं, आलो होतो ते सांगायचं राहिलंच. मी निघालो तेव्हा माझं घर जळत होतं.’

सभागृह खदखदून हसलं. इंग्रज माणसाला रचाची माणसं कशी ठाऊक, असा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही. पेंगेली लाजून लाल झाले आणि त्यांचं पुढचं सगळं व्याख्यान रंगलं.

मग ती सवयच झाली. सासूचे विनोद संपले तेव्हा एतेरी सरळ सांगू लागली, ‘पाहुण्यांनी विनोद केलाय, हसा.’ आमची माणसं पाहुण्याचा मान राखायला पोट फुटेस्तोवर खातात, तशीच हसतातही. गिवी खूश, पेंगेली खूश. एकदा विमानतळावर ते तिला म्हणाले, ‘मिसेस एतेरी, आमच्या विद्यापीठात मी तोंड उघडलं की लोक घड्याळाकडे बघतात. इथल्या लोकांना मात्र माझं कळतं. मी आमंत्रणाची वाट बघतो ती त्यासाठी.’

तेव्हा तिच्या मनाला टोचलं. नाही असं नाही. पण कोणाचं काही बिघडत नाही ना, असं म्हणून तिनं ते बाजूला सारलं.

बिघडलं ते शहराबाहेर, सागुरामोला.

संस्थेत बातोनो वार्लाम नावाचे एक वयस्कर शास्त्रज्ञ होते. अबोल माणूस. तरुणपणी डोंगरावरच्या केंद्रात, बर्फात, अंतराळातून येणारे कण मोजत त्यांनी कित्येक हिवाळे काढले होते. त्यातून निघालेला त्यांचा एक आकडा कोणी खरा मानला नव्हता, एवढंच एतेरीच्या कानावर होतं. पेंगेली आले की वार्लाम हटकून रजेवर जात. त्या शरदात मात्र पेंगेलींनी पत्र लिहून गिवींना विनंती केली होती, की मेजवानीला वार्लाम असायलाच हवेत. गिवींनी स्वतः घरी जाऊन त्यांची मनधरणी केली. वार्लाम आले, सोबत बायको मार्गोही.

अक्रोडाच्या झाडांखाली लांबलचक टेबल मांडलं होतं. द्राक्षांचा हंगाम नुकताच उरकला होता. मेजवानीचा तामादा, म्हणजे कोणी कशासाठी प्यायचं हे ठरवणारा यजमान, अर्थातच गिवी. शांततेसाठी झालं, मातीसाठी झालं, गेलेल्या माणसांसाठी सगळे उभे राहून प्याले. आमच्याकडे पेला उचलून नुसतं बोललं की संपत नाही. बोलणारा एखाद्याचं नाव घेऊन ‘अलावेर्दी’ म्हणाला, की त्या माणसानं उठायचं, तोच धागा पुढे न्यायचा आणि पेला रिकामा करायचा. अलावेर्दी नाकारणं म्हणजे भरल्या ताटावरून उठून जाणं. तसं कोणी करत नाही.

दुपार कलली तरी एतेरीच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. दुभाष्याचं हेच. सगळे खातात तेव्हा तो बोलतो. पेंगेली उठले तेव्हा तिनं नुकताच गार झालेल्या चीज भरल्या खाचापुरीचा पहिला घास तोंडात घातला होता. एरवी ते एकेका वाक्याला थांबत. त्या दिवशी थांबलेच नाहीत. नजर पेल्यात होती, आणि एका दमात बोलत सुटले होते. तिनं घाईघाईनं घास गिळेपर्यंत निम्मं बोलणं निसटलं. उरलेल्यातून डोंगर, वाइन, चहा, आकडा, वार्लाम एवढंच हाती लागलं, आणि शेवटी पेंगेलींच्या चेहऱ्यावर विनोद संपल्यानंतरचं ते ओळखीचं, आशाळभूत हसू दिसलं.

तिनं विचार केलाच नाही.

‘पाहुण्यांनी आपल्या वाइनवर आणि आपल्या बातोनो वार्लामवर विनोद केलाय,’ ती मोठ्यानं म्हणाली, ‘हसा!’

टेबल हसलं. चांगलं पोट धरून हसलं. कारखान्याच्या संचालकांनी तर हाताची थाप टेबलावर मारली. आणि त्या हशातच पेंगेलींनी पेला वार्लामकडे वळवून, खास शिकून घेतलेला आमचा शब्द उच्चारला, ‘अलावेर्दी!’

वार्लाम उठले. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला होता. हसणाऱ्या एकेकाकडे त्यांनी पाहिलं. सगळे त्यांच्याच संस्थेतले, रोज भेटणारे. मग भरलेला पेला तसाच खाली ठेवला, टोपी घातली आणि रस्त्याच्या दिशेनं चालू लागले. मार्गो पर्स उचलून मागे धावली. जाता जाता ती एतेरीसमोर थांबली.

‘वीस वर्षं झाली,’ ती म्हणाली. ‘अजून तुमचा तोच विनोद संपला नाही?’

एतेरीला काही उमगलं नाही. गिवींनी सराईतपणे गाणं सुरू केलं आणि बाकीच्यांनी ते उचलून धरलं. पेंगेली मात्र पेला हातात धरून उभेच राहिले, बराच वेळ.

परतताना गाडीत, नदी दिसायला लागल्यावर, ते म्हणाले, ‘बरोबर केलं त्यांनी. माफी मागताना विनोद कोण करतं?’

‘माफी?’ एतेरीनं विचारलं.

‘तुम्हीच तर सांगितलंत ना त्यांना.’

‘हो, पण... तुमच्या तोंडून पुन्हा एकदा ऐकायचंय.’

मग त्यांनी सांगितलं. वीस वर्षांपूर्वी परदेशातल्या एका परिषदेत वार्लामचा निबंध वाचला गेला. वार्लाम स्वतः नव्हते, त्यांना यायची परवानगी मिळाली नव्हती. आकडा चमत्कारिक होता. तेव्हा तरुण पेंगेली मागच्या बाकावरून म्हणाले होते, ‘जॉर्जियाचं माप आहे. त्यात कण थोडे आणि वाइन जास्त असणार.’ सगळे हसले. पेंगेलींच्या विनोदाला आयुष्यात कोणी हसलं असेल तर तेव्हाच. तो हशा हेच त्या निबंधाला मिळालेलं उत्तर. कोणी तपासून पाहण्याच्या भानगडीत पडलं नाही. विनोद मात्र जगभर फिरला, फिरत फिरत तिबिलिसीपर्यंत आला.

‘मागच्या हिवाळ्यात माझ्या विद्यार्थ्यांनी ते माप पुन्हा घेतलं,’ पेंगेली म्हणाले. ‘अगदी तोच आकडा. म्हणून मी आज म्हणालो, की आम्ही डोंगरावर गेलो, वाइन नेली नाही, सगळा प्रयोग चहावर केला आणि आकडा तोच आला. आता याची दोनच कारणं संभवतात. एक तर वाइन आणि चहा यांत काही फरक नाही, आणि ही शक्यता या टेबलावर बसलेला कोणीही खोडून काढेल. मग दुसरंच कारण उरतं, की वार्लाम तेव्हाही बरोबर होते आणि गाढव मी होतो. मला सरळ माफी मागता येत नाही, मिसेस एतेरी. प्रयत्न केला होता. आणि सगळे इतकं छान हसले, मला वाटलं, पोहोचलं.’

एतेरीच्या आता ध्यानात आलं. पहिल्या वेळी माणसं हसली ती पेंगेलींच्या विनोदाला. दुसऱ्या वेळी हसली ती तिच्या हुकमावरून. ज्या वाक्याची त्या म्हाताऱ्यानं वीस वर्षं वाट पाहिली, ते अखेर त्याच्या समोर बोललं गेलं, आणि तिनं ते घासासोबत गिळून टाकलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. गाडी हॉटेलपाशी थांबली, पेंगेली उतरले, ‘शुभ रात्री’ म्हणाले, तेव्हाही सांगता आलं असतं. नोकरी जाईल ही भीती होती, खोटं कशाला बोला. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. हे एक सांगायचं तर बाकीचं सगळं सांगावं लागणार होतं. नाही सांगितलं तिनं. घरी जाऊन बहिणीनं वाढलेलं न जेवता झोपली, म्हणजे नुसती पडून राहिली.

सकाळी पेंगेलींना विमानतळावर सोडायला तीच गेली. गाडी सुरू झाली आणि ती म्हणाली, ‘मी तुमचं बोलणं सांगितलंच नाही. मला कळलं नव्हतं. पाहुण्यांनी वार्लामवर विनोद केलाय, हसा, असं मी म्हणाले.’

पेंगेलींना ते समजायला एक क्षण लागला. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला, आणि ते उजळणं तिला रागावण्यापेक्षा जड गेलं. ‘म्हणजे त्यांनी ऐकलंच नाही? म्हणजे त्यांनी नाकारलं नाही?’

‘नाही.’

‘मग आपण विमानतळावर कशाला चाललोय?’

परदेशी पाहुण्याला परवानगीशिवाय कोणाच्या घरी न्यायची सोय तेव्हा, सोव्हिएत राजवटीत, नव्हती. एतेरीनं ड्रायव्हरला सांगितलं, ‘शाल्वा, साबुर्तालोला घे, बातोनो वार्लामच्या घरी.’ शाल्वानं आरशातून तिच्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता गाडी वळवली. देव त्याचं भलं करो.

दार मार्गोनं उघडलं. दोघांना पाहून तिच्या कपाळाची शीर उडायला लागली. पण पाहुणा दारात उभा होता, आणि दारातल्या पाहुण्याला, तो शत्रू असला तरी, परत पाठवणं आमच्याकडे कोणाला जमत नाही. ‘या,’ ती दात आवळून म्हणाली. ‘बसा. चीज कापते.’ स्वयंपाकघरातून ताटल्या आपटल्याचा आवाज येत राहिला, आणि टेबल मात्र भरत गेलं.

वार्लाम कोट चढवून आले, समोर बसले.

‘बातोनो वार्लाम,’ एतेरी म्हणाली, ‘काल चूक माझी झाली. पाहुण्यांची नाही. त्यांनी काय म्हटलं ते मी ऐकलंच नव्हतं.’

‘मग हसायला कशाला सांगितलंस, पोरी?’

‘मला नेहमीच कळत नाही,’ ती म्हणाली. ‘मी नेहमीच तसं सांगते.’ मग सवयीनं तिनं तेच पेंगेलींसाठी इंग्रजीतही म्हटलं.

पेंगेलींनी पुन्हा पहिल्यापासून बोलायला सुरुवात केली. या वेळी वाक्यावाक्याला ती त्यांना थांबवत होती. ‘हा शब्द मला येत नाही. समजावून सांगा.’ एवढ्या वर्षांत हे वाक्य तिनं पहिल्यांदाच उच्चारलं. पेंगेली बशी आणि चमचा घेऊन समजावत, आणि ती समजल्यावरच पुढे जाई. वाइन, चहा, तोच आकडा, दोन कारणं, गाढव. सगळं पोहोचलं.

वार्लाम हसले नाहीत. ‘परत सांग,’ म्हणाले. तिनं परत सांगितलं. ‘आकडा सांग.’ पेंगेलींनी आकडा कागदावर लिहून दिला. वार्लाम तो बघत राहिले. मार्गो दारात, हातात पाव धरून उभी होती, आणि ती रडत होती.

मग वार्लामनी सकाळी सकाळी तिघांचे पेले भरले आणि ते उभे राहिले. ‘त्याला सांग, कालचा अलावेर्दी माझ्याकडे तसाच पडून आहे. सांग, डोंगरावर वाइन नव्हती असं मी कधीच म्हटलेलं नाही. भरपूर होती. एवढ्या थंडीत आम्ही सगळेच प्यालेले असायचो. त्या खोलीत शुद्धीवर एकटं यंत्र होतं, म्हणून तर मी त्याचं ऐकलं, माणसांचं नाही.’

एतेरीनं शब्दाला शब्द लावून सांगितलं. पेंगेली इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. वार्लामनी पेला रिकामा केला.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

विमानतळाच्या वाटेवर पेंगेली आधी खुशीत होते. मग म्हणाले, ‘तुम्ही तिथे म्हणालात, नेहमीच. नेहमीच म्हणजे?’

तिनं सगळं सांगितलं.

‘इलेक्ट्रॉनांचा होता, तोसुद्धा? लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं त्या वेळी.’

‘ते दुसऱ्याच विनोदाला.’

‘कुठल्या?’

तिनं रचाच्या माणसाचा विनोद इंग्रजीत सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत नीट लक्ष देऊन ऐकला. ‘आणि मग घर वाचलं का?’ त्यांनी विचारलं.

‘ते सासूनं कधी सांगितलं नाही,’ एतेरी म्हणाली.

‘तुम्हाला कळत नव्हतं, तर मला विचारायचं होतं,’ पेंगेली खिडकीबाहेर बघत म्हणाले. आवाजात राग औषधालाही नव्हता. ‘मी समजावून सांगितलं असतं. मला आवडलं असतं. मला कधी कोणी विचारलंच नाही.’

तिची नोकरी गेली नाही. तिनं गिवींसमोर सगळं कबूल केलं, तर ते खुर्चीतून पडेपर्यंत हसले, आणि पुढे प्रत्येक मेजवानीत ‘आमच्या एतेरीनं माफीवरच सगळ्यांना कसं हसवलं’ हा किस्सा रंगवून सांगू लागले. त्यातून निदान वार्लामचा आकडा खरा होता हे सगळ्यांना कळलं. तो किस्सा सांगितला जात असताना एतेरी मान खाली घालून बसायची. शिक्षा झाली असती तर तिला सोपं गेलं असतं.

पेंगेली पुढच्या वर्षी आले. उतरायचं आता वार्लामच्याच घरी, गिवींनी तशी परवानगी काढली होती. व्याख्यानाआधी एतेरीनं त्यांना गाठलं. ‘आज जे विनोद करणार असाल ते मला आत्ताच समजावून सांगा. मी नीट सांगेन. शब्दही इकडचा तिकडे होणार नाही.’

‘तुम्ही फार चांगल्या आहात,’ ते म्हणाले. ‘पण आज आकृत्याच खूप आहेत.’

व्याख्यान चांगलं झालं. मधेच एका जागी काहीतरी सुचल्यासारखे ते थांबले. लोकांना सवय होती, ते आधीच एतेरीकडे बघून हसायच्या तयारीत बसले. पेंगेलींनीही तिच्याकडे पाहिलं. ती वाट बघत होती, कान देऊन.

‘पुढची आकृती,’ ते म्हणाले.

‘पुढची आकृती,’ एतेरीनं सांगितलं.